खरी हाडं विजेत्याची, नाच हरलेल्याच्या दारात: शेवटच्या अझ्टेक राजाचं स्मरण कुठे करायचं?

आडवाटेची

मेक्सिको सिटीत अझ्टेकांना हरवणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसचा पुतळा शोधायला निघालात तर पायांचे तुकडे पडतील. त्याने ज्याला हरवलं तो शेवटचा अझ्टेक राजा क्वाउतेमोक मात्र पासेओ दे ला रेफोर्मा या इथल्या सगळ्यात दिमाखदार रस्त्यावर १८८७ सालापासून भाला उगारून उभा आहे. शिवाय त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे, शहराचा एक अख्खा विभाग आहे, बिअरची कंपनी आहे, आणि ऑफिसात 'क्वाउतेमोक' अशी हाक मारली तर कुणीतरी हमखास मान वर करतं.

दर १३ ऑगस्टला त्लातेलोल्कोला त्याचं स्मरण होतं. १५२१ साली याच तारखेला तो पकडला गेला आणि अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. खरं तर तेनोच्तित्लानचा मुख्य भाग आधीच गेला होता. शेवटची लढाई झाली ती शेजारच्या त्लातेलोल्कोत, बाजारपेठेच्या शहरात. आज तिथे खोदून काढलेल्या देवळांचे चौथरे आहेत, त्यांच्या अंगावरच त्याच देवळांच्या दगडांतून उभारलेलं सतराव्या शतकातलं सांतियागोचं चर्च आहे आणि भोवती १९६० च्या दशकातल्या सरकारी वसाहतीच्या उंच इमारती. म्हणून नाव 'तीन संस्कृतींचा चौक'. उत्खननाची जागा चौकापेक्षा खाली आहे, त्यामुळे आपण वरून खड्ड्यात वाकून पाहिल्यासारखं शहर बघतो.

त्या दिवशी नाचणारे लोक पायांत वाळलेल्या बियांचे घुंगरू बांधून येतात. शंख फुंकला जातो, उभा ढोल वाजतो, मातीच्या धुपाटण्यातून कोपालचा धूर निघतो. कुणी सोहळा 'लावत' नाही, माणसं जमतात. सरकारी मंडळी आली तर येतात, हार घालतात, जातात.

चौकात एक दगडी पाटी आहे. तिच्यावर साधारण असं लिहिलंय: १३ ऑगस्ट १५२१ रोजी, क्वाउतेमोकने शौर्याने राखलेलं त्लातेलोल्को कोर्तेसच्या हाती पडलं. हा विजय नव्हता, पराभवही नव्हता. आजचा मेक्सिको म्हणजे जे मिश्र रक्ताचे लोक, त्यांचा हा वेदनामय जन्म होता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता जितक्या वेळा वाचते तितकी ती पाटी जास्त चतुर वाटते. पराभव नव्हता? अडीच महिन्यांचा वेढा, चापुल्तेपेकहून येणारं गोडं पाणी तोडलेलं, त्याआधीच्या वर्षी देवीच्या साथीने घरंच्या घरं रिकामी झालेली, शेवटी लोक सरडे आणि चामडं खात होते असं त्यांच्याच म्हाताऱ्यांनी पुढे सांगून ठेवलंय. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी पराभवच म्हटलं असतं.

पण माझा प्रश्न दुसरा आहे. क्वाउतेमोकच्या स्मरणाची आणखी एक जागा आहे, गेरेरो राज्यातलं इश्कातेओपान हे डोंगरातलं गाव. तिथल्या चर्चच्या वेदीखाली १९४९ साली त्याची हाडं 'सापडली'. शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की ही त्याची नव्हेत. तरी चर्चचं स्मारक झालं, गावाचं अधिकृत नाव 'इश्कातेओपान दे क्वाउतेमोक' झालं, आणि दर फेब्रुवारीत देशभरातून नाचणारे तिथे जमतात.

त्याआधी तीनच वर्षं, १९४६ मध्ये, मेक्सिको सिटीतल्या एका चर्चच्या भिंतीत कोर्तेसची हाडं सापडली होती. ती खरी. स्वातंत्र्यानंतर जमाव ती जाळून टाकेल या भीतीने १८२३ मध्ये लुकास आलामान या मुत्सद्द्याने ती लपवली होती. तपासून ती परत तिथेच ठेवली, वर नाव आणि जन्म-मृत्यूची सालं एवढीच पाटी. तिथे कुणीही नाचत नाही. मी गेले तेव्हा चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या बाई सोडल्या तर कुणी नव्हतं.

विजेत्याची हाडं मिळाली आणि हरलेल्याची नाहीत, हे लोकांना सहन झालं नसावं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? हाडं खोटी आहेत हे माहीत असताना तिथे जाऊन नमस्कार करायचा का?

---

तात्याबा

उत्तम धागा. पण माझ्यासारख्या अडाण्यासाठी जरा मागून सुरुवात करा. आम्हाला अझ्टेक म्हटलं की मोक्तेसुमा एवढंच माहीत. मग हा शेवटचा कसा?

---

आडवाटेची

तात्याबा, मोक्तेसुमा दुसरा १५२० च्या जूनअखेरीस स्पॅनिशांच्या कैदेत मेला. दगड लागून की सुरा लागून यावर दोन्ही बाजू अजून भांडतात. त्याच्या जागी भाऊ क्वित्लाहुआक आला. त्याने स्पॅनिशांना शहरातून हाकलून दिलं होतं, पण गादीवर तीन महिनेसुद्धा काढायच्या आत देवीने गेला. मग १५२१ च्या सुरुवातीला क्वाउतेमोक, आहुइत्सोत्ल राजाचा मुलगा, वय पंचविशीच्या आसपास. त्याच्या वाट्याला राज्य असं आलंच नाही, फक्त वेढा आला.

पकडला गेला तो तलावातून होडीने जाताना. कोर्तेसपुढे आणल्यावर त्याने कोर्तेसच्या कमरेच्या खंजिराला हात लावून 'मला मार' असं सांगितल्याचं खुद्द कोर्तेसने स्पेनच्या राजाला पाठवलेल्या पत्रात आहे. कोर्तेसने मारलं नाही, अभय दिलं. आणि मग सोन्यासाठी त्याचे पाय भाजले. पुढे होंडुरासच्या मोहिमेवर त्याला बरोबर नेलं, कारण मागे ठेवायची भीती वाटत होती. वाटेत कटाचा आरोप ठेवून २८ फेब्रुवारी १५२५ ला फाशी दिलं. त्याच्याबरोबर त्लाकोपानचा राजाही.

---

दगडधोंडे

माझं शिक्षण पुरातत्त्वातलं, त्यामुळे हाडांच्या भागावर लिहितो.

फाशी दिली ती आकालान प्रदेशात, इत्सामकानाकच्या परिसरात. ही जागा म्हणजे आजच्या काम्पेचे राज्यातलं एल तिग्रे हे पुरातत्त्वस्थळ, असं बहुतेक अभ्यासक धरतात. तिथून इश्कातेओपान हजारेक किलोमीटर. मध्ये दलदल, नद्या, जंगल आणि मग डोंगर. भक्तांनी फाशीवरचं प्रेत गुपचूप उतरवून एवढं अंतर वाहून नेलं, अशी कथा आहे. समकालीन एकाही साधनात ही गोष्ट नाही.

गावातल्या एका घराण्याकडे जुने कागद निघाले. त्यावर मोतोलिनिया या सोळाव्या शतकातल्या फ्रान्सिस्कन साधूची सही म्हणे. सरकारने एउलालिया गुस्मान यांना पाठवलं. त्यांनी वेदीखाली खणलं आणि २६ सप्टेंबर १९४९ ला दगडांच्या थराखाली तांब्याची अंडाकृती पट्टी आणि हाडं मिळाली. पट्टीवर '१५२५-१५२९', 'राजा' आणि 'कोआतेमो' अशी अक्षरं.

मग समित्या. पहिली त्याच वर्षी: पुरावा टिकत नाही. दुसरी, मोठमोठ्या नावांची, १९५१ पर्यंत चालली: नाही. तिसरी १९७६ ची, एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा वगैरे पुरातत्त्वज्ञ मंडळींची. तिचा निष्कर्ष सगळ्यात बोचरा आहे. हाडं एका माणसाची नाहीतच, किमान आठ जणांची आहेत, लहान मुलंसुद्धा. आणि कवटी एका तरुण मिश्रवंशीय स्त्रीची. कागद एकोणिसाव्या शतकात, गावातल्याच एका वजनदार जमीनदाराने बनवलेले असावेत, असं आज मानलं जातं.

एवढं झाल्यावर 'श्रद्धेचा प्रश्न' म्हणून सोडून देता येत नाही. ज्या बाईची कवटी तिथे राजा म्हणून काचेत ठेवलीय, तिचं काय? तिचं नाव कुणी विचारलं?

---

गुळपोळी

दगडधोंडे, शेवटचं वाक्य भारी. हा विचार डोक्यात आला नव्हता.

पण गुस्मानबाईंबद्दल थोडं. आपण त्यांना भोळ्या ठरवतोय, तशा त्या नव्हत्या. शाळाशिक्षिका, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या, मेक्सिकोतल्या पहिल्या स्त्री पुरातत्त्वज्ञांपैकी एक. कोर्तेसची पत्रं त्यांनी ओळ न् ओळ तपासली आणि तो कुठे खोटं बोलतो ते दाखवलं. ज्या बाईने विजेत्याच्या कागदांवर आयुष्यभर शंका घेतली, तिने गावच्या कागदांवर विश्वास ठेवला. त्या शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिल्या. मला त्यांचं हसू येत नाही, उलट पोटात तुटतं.

---

तिरकस

पोटात तुटायला काय झालं? गावाला रस्ता मिळाला, स्मारक मिळालं, नाव मिळालं. जमीनदार आजोबांना आजकालच्या कुठल्याही पर्यटन महामंडळाने मानद अध्यक्ष करावं.

गंमत बाजूला. तिसरी समिती १९७६ मध्ये कुणी नेमली ते बघा. राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेरिया. २ ऑक्टोबर १९६८ ला याच त्लातेलोल्कोच्या चौकात सैन्याने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा गृहमंत्री कोण? तेच एचेवेरिया. ऑलिंपिक दहा दिवसांवर होतं. किती मेले याचा धड आकडा आजही नाही.

म्हणजे ज्या चौकात आपल्या पोरांना मारलं त्या चौकातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या पोराची हाडं शोधायची. मेलेला राजा सोयीचा असतो, तो मागण्या करत नाही.

---

आडवाटेची

तिरकस, १९६८ च्या मृतांसाठीचा स्तंभ त्याच चौकात आहे, क्वाउतेमोकच्या पाटीपासून काही पावलांवर. १९९३ मध्ये लोकांनी उभारला, त्यावर थोडी नावं आणि वयं आहेत. १३ ऑगस्टला नाचणारे त्याच्यापुढेही कोपाल जाळताना मी पाहिलेत. वेगळं भाषण वगैरे काही नाही. धुपाटणं घेऊन जातात आणि थांबतात.

---

पाटीपेन्सिल

पाटीवरच्या मजकुराबद्दल कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहिते. शाळेत इतिहास शिकवते, सवय जात नाही.

'मिश्र लोकांचा जन्म' या वाक्यात एक मोठी चलाखी आहे. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत नाहुआत्ल, म्हणजे क्वाउतेमोकचीच भाषा, बोलणारे साडेसोळा लाखांच्या आसपास आहेत. हे लोक 'मिश्र' होऊन संपले नाहीत. पाटी मात्र त्यांना भूतकाळात टाकते: तुमचा राजा शूर होता, आता तुम्ही आमच्यात विरघळलात, चला पुढे. राजाचं कौतुक करून प्रजेला पुसून टाकण्याची ही पद्धत जगभर चालते.

दुसरं, 'स्पॅनिश विरुद्ध मेक्सिकन' असं ते युद्ध नव्हतंच. कोर्तेसच्या बाजूने शेजारच्या त्लाश्कालाचे हजारो लोक, त्लाश्काल्तेक, लढले. तेश्कोको शहराचा एक गटही. त्यांना मेशिका, म्हणजे तेनोच्तित्लानच्या अझ्टेक लोकांच्या खंडणीचा आणि बळींचा जाच होता. त्लाश्कालाच्या माणसाने १३ ऑगस्टला काय करायचं? आणि खुद्द त्लातेलोल्को? १४७३ मध्ये तेनोच्तित्लानच्या आशायाकात्लने ते जिंकून घेतलं होतं, तिथला राजा मोकिहुइश त्यात मेला. तेनोच्तित्लानचा राजा शेवटी आश्रयाला आला तो त्याच जिंकलेल्या, दुखावलेल्या शेजाऱ्याकडे.

---

आडवाटेची

पाटीपेन्सिल, पूर्ण मान्य, आणि ही शेवटची गोष्ट स्थानिक लोक अगदी चवीने सांगतात. सोळाव्या शतकात साहागुन या साधूने त्लातेलोल्कोच्या म्हाताऱ्यांकडून वेढ्याची हकिकत नाहुआत्लमध्ये लिहवून घेतली. त्यात तेनोच्तित्लानवाले घाबरट आणि त्लातेलोल्कोवाले शूर असा सूर जागोजाग आहे. क्वाउतेमोक आईकडून त्लातेलोल्कोचा, असंही ते हक्काने सांगतात. म्हणजे स्मरणाची ओढाताण राजा पडल्याच्या पिढीतच सुरू झाली होती. सरकार फार उशिरा आलं.

---

वर्धेचा पाहुणा

वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

हा सगळा गदारोळ उठण्याच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकोत एक मराठी माणूस राहत होता. आमच्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, वॉरंट चुकवत देशोदेशी फिरून १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. टिना मोदोत्तीने काढलेली त्यांची आणि त्यांच्या मक्याची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं आहे. स्वातंत्र्यानंतर परतले, नागपूरला वारले.

इथे का सांगतोय: हाच रिव्हेरा १९४९ नंतर इश्कातेओपानची हाडं खरी आहेत म्हणून जाहीरपणे भांडत होता. आणि चापिंगो हे तेश्कोकोच्या शेजारी. तिथून जवळच तेश्कोत्सिंको ही टेकडी, नेसाहुआलकोयोत्ल या कवी-राजाची बाग, खडकात कोरलेली स्नानकुंडं, डोंगरावरून आणलेल्या पाण्याचे पाट. शेतीच्या माणसाला ते पाट पाहून काय वाटलं असेल, असा विचार नेहमी मनात येतो.

---

आडवाटेची

वाह! खानखोज्यांचं चित्र मंत्रालयात जाऊन पाहिलंय. इमारत अंगणाची आहे, भिंती चित्रांनी भरलेल्या. तेश्कोत्सिंको मात्र राहिलंय. आता जाणार.

रिव्हेराचं म्हणाल तर एकटा तोच नव्हता. सिकेइरोसने १९५१ च्या सुमारास बेयास आर्तेस या ललित कलांच्या भवनात क्वाउतेमोकच्या छळाचं प्रचंड चित्र काढलं. पाय आगीवर, समोर लोखंडी चिलखतं, चिलखतांत चेहरे दिसतच नाहीत. हाडांवरचा निकाल समित्यांनी एक दिला, भिंतींवर चित्रकारांनी दुसरा.

---

सह्यकडा

हे सगळं वाचताना आपल्या वढू-तुळापूरची आठवण झाली. त्यावर कुणी लिहील का?

---

आडवाटेची

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे, पण तो विषय इथे उघडला तर रात्रीपर्यंत दोनशे प्रतिसाद होतील आणि त्यात मेक्सिको शोधावं लागेल. वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

---

दगडधोंडे

+१. (संपादक मंडळाचे आशीर्वाद.)

मूळ प्रश्नावर माझं उत्तर देऊन थांबतो. मी इश्कातेओपानला जाईन, नमस्कार करणार नाही, पण नाचणाऱ्यांना हसणारही नाही. ते जे करतात ते १५२५ शी जोडलेलं नसेल, पण १९४९ पासून आज तिसरी पिढी करतेय. तो त्यांचा खराखुरा इतिहास आहे. फक्त काचेशेजारी १९७६ चा निष्कर्ष ठळक अक्षरांत लावलेला असावा, एवढी अपेक्षा. आणि स्मरण करायचंच तर खरी जागा एल तिग्रे. तिथे पिरॅमिडं आहेत, कांदेलारिया नदी आहे, आणि पर्यटक फारच थोडे.

---

गुळपोळी

एल तिग्रेला काय म्हणून जायचं? तिथे त्याला झाडाला टांगला. माणूस जिथे उभा राहून लढला ती जागा सोडून जिथे मारला तिथे कशाला? माझं मत त्लातेलोल्कोला.

आणि फाशीबद्दल एक आवर्जून. कोर्तेसचाच सैनिक बेर्नाल दियास म्हातारपणी लिहितो की हे मरण अन्यायाने दिलं गेलं आणि बरोबर असलेल्या आम्हा सगळ्यांना ते वाईट वाटलं. शत्रूच्या गोटातल्या माणसाची ही साक्ष मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठी वाटते.

---

तिरकस

सगळ्यांना वाईट वाटलं आणि सगळे पुढे चालू लागले. असो. ती साक्ष मलाही आवडते, पण दोर कुणी धरला होता ते तो लिहीत नाही.

---

पाटीपेन्सिल

आडवाटेची, तुमचं स्वतःचं उत्तर राहिलं की. नमस्कार करायचा की नाही?

---

आडवाटेची

टाळत होते, पकडलंत.

इश्कातेओपानला मी नमस्कार केला. काचेतल्या हाडांना नाही म्हणणार, पण तसं वेगळं काढताही येत नाही. एक आजी शेजारी गुडघ्यावर बसल्या होत्या, फुलं ठेवत होत्या, मी उभी कशी राहू? दगडधोंड्यांनी त्या तरुण स्त्रीच्या कवटीचं लिहिल्यापासून मात्र मला वाटतंय की माझा नमस्कार तिला पोचला तर बरं. क्वाउतेमोकला भरपूर मिळतात.

त्लातेलोल्कोच्या पाटीला मी नमस्कार करत नाही. वाकून खालचे चौथरे बघते. त्यांच्यावर काहीही लिहिलेलं नाही, त्यामुळे ते काही समजावूनही सांगत नाहीत.

---

तात्याबा

पुढच्या फेब्रुवारीत लेकीकडे मेक्सिको सिटीला येतोय. इश्कातेओपानला जायचं कसं? गुडघे बेताचे आहेत.

---

आडवाटेची

तात्याबा, मेक्सिको सिटीच्या दक्षिणेच्या बस स्थानकावरून तास्कोची बस घ्या, अडीच-तीन तास. तास्कोला मुक्काम करा, चांदीकामाचं गाव आहे, काकूंना आवडेल (खिसा सांभाळा). तिथून इश्कातेओपानला सामायिक व्हॅन जातात, डोंगरातला वळणांचा रस्ता, तासा-दीड तासाचा. उलटीची गोळी घ्या. गावात रस्त्यांवर संगमरवराची फरसबंदी आहे, पावसात निसरडी होते, पण फेब्रुवारी कोरडा असतो. नाच बघायचा तर २२-२३ फेब्रुवारी गाठा. त्या दिवसांत गावात खोली मिळत नाही, तास्कोचीच आधी ठरवून ठेवा. आणि त्लातेलोल्कोला गुडघ्यांचा त्रास होणार नाही, बहुतेक सगळं सपाट आहे आणि प्रवेश फुकट.